सुजाता शाळेत जात होती ती वर्षं

आमच्या घरात भाकरीचा पापुद्रा सुजाताचा आणि उरलेली भाकरी बाकीच्यांची, हा कायदा कुणी केला ते मला आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो होताच. माय चुलीपुढं बसून भाकरी थापायची, तव्यावरून काढून निखाऱ्यावर धरायची आणि ती टम्म फुगली की बोटं भाजत वरचा पातळ पदर अख्खा सोलून सुजाताच्या ताटलीत ठेवायची. त्याला भोक पडलेलं चालत नसे, काळा डाग चालत नसे, दुसऱ्या कुणी तुकडा मोडलेला तर मुळीच चालत नसे. डाग दिसला की सुजाता ताटलीपासून उठून भिंतीकडं तोंड करून बसायची. माय दुसरी भाकरी टाकायची. मी, आबा आणि माय खालचा जाड भाग शेंगदाण्याच्या चटणीशी नाहीतर अंबाडीच्या भाजीशी खायचो. अख्खी भाकरी कशी लागते हे मला लग्न होऊन सासरी गेल्यावर कळलं, आणि पहिला घास घेताना मी चोरी केल्यासारखं इकडं तिकडं बघितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, काय गं, मीठ कमी हाय का?

सुजाता माझी पाठची बहीण, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. पालमला एसटी स्टँडच्या मागं आमची वस्ती, आणि वस्तीच्या अगदी टोकाला आमचं दोन खोल्यांचं घर. आबा प्राथमिक शिक्षक. रोज सायकल मारत शेजारच्या गावच्या शाळेत जायचे आणि दिवस मावळायला परत यायचे. वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. मास्तराची धाकटी लेक मात्र टाचा न टेकता चवड्यांवर चालायची, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही, आणि ‘सुजाता, जेवलीस का?’ असं विचारलं की आपल्याच आवाजात ‘सुजाता, जेवलीस का?’ असं परत सांगायची. भिंतीच्या कडेनं चिंचोक्यांची रांग लावायची. रांगेतला एक चिंचोका कुणी हलवला की दिवस गेलाच म्हणून समजायचं. पिठाच्या गिरणीची पुकपुक सुरू असली की दोन गल्ल्या आधीच तिचे पाय थांबायचे. लग्नातली हलगी, एसटीचा हॉर्न, शेजारच्या घरातला स्टोव्ह, सगळ्याला ती कान दाबायची. आमच्या घरात कुणी मोठ्यानं हाक मारत नसे. पाहुणे आले की म्हणायचे, ह्यांच्याकडं काय झालंय, माणसं हळू कामून बोलायलेत?

आता ह्याला नाव आहे. मागं एकदा परभणीत नातीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, मीच गेले. एक तरुण बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी ‘स्वमग्न’ हा शब्द उच्चारला. अशा मुलांच्या पोटात किती भीती असते, नवी जागा आधी दाखवून ठेवावी, घंटा होण्याआधी सांगावं, बसायची जागा बदलू नये, असं त्या फार मायेनं सांगत होत्या. मी खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला राग येत होता. कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही. हे सगळं आम्ही केलं होतं हो बाई, असं उठून ओरडावंसं वाटलं. पण ओरडायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही.

त्या काळी लोकांपाशी शब्द नव्हता, सल्ले मात्र पोत्यानं होते. कुणी म्हणायचं अंगारा लावा, कुणी म्हणायचं गाढविणीचं दूध पाजा. लोकांचं काय जातं! आबा अंगारेधुपारे उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. मायनं एकदा दंडात काळा दोरा बांधला तो त्यांनी गुपचूप सोडला, आणि मायनंही तो सोडलेला पाहून गुपचूप चुलीत टाकला. परभणीच्या डॉक्टरांनी सुजाताच्या डोळ्यांत बॅटरी मारायचा प्रयत्न केला, तिनं त्यांचा हात चावला. डॉक्टर म्हणाले, मतिमंद आहे, घरी ठेवा. घरी आल्यावर आबांनी हातपाय धुतले आणि म्हणाले, “माझी लेक शाळेत जाईल.”

हे ते का म्हणाले ते सांगायला हवं. त्या वर्षांत आमच्या वस्तीत शाळा म्हणजे नुसती शाळा नव्हती. विद्यापीठाच्या नावासाठी पोरं औरंगाबादला मोर्चाला जात होती, कुणी जेलात होतं, खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या, आणि विहारात रोज संध्याकाळी तेच बोलणं असायचं. अशात कुणाचंही पोरगं पास झालं की तो निकाल त्याच्या एकट्याचा राहत नसे. आबांनी स्वतः लहानपणी वर्गाच्या दाराबाहेर बसून अक्षरं गिरवली होती. आपली लेक वर्गाबाहेर राहील, तेही कुणी बाहेर काढलेलं नसताना, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मायनं तिला नेलं आणि घंटा झाली. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई रामभाऊ त्यावर लोखंडी दांडा हाणायचे. सुजाता जी पळाली ती बाजाराच्या ओट्याखाली सापडली, ओल्या परकरात, कानांवर हात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, तिनं ओकारी काढली. तिसऱ्या दिवशीही तेच. ते दुखणं खोटं नव्हतं, अंग थरथरायचं तिचं. कुणी दुसरे शिक्षक असते तर पहिल्या आठवड्यातच ‘मास्तर, तुमची पोरगी घरी ठेवा’ असा निरोप आला असता. पण पहिलीला शेख गुरुजी होते, आणि पुढं चौथीपर्यंत वर्गाबरोबर तेच वर चढत गेले. उंच, किडकिडीत, तोंडात सतत बडीशेप. ते आमच्या घरी आले, चहा घेतला, सुजाताकडं न बघता जमिनीकडं बघत बसले आणि बऱ्याच वेळानं मायला म्हणाले, “ताई, तुमीच या शाळेत. व्हरांड्यात बसा. लेकरू तुमाला बघंल अन् बसंल. बघू या, काय होतंय.”

मग माय शाळेत जायला लागली. सुजाताची शाळा सकाळची आणि माझं हायस्कूल दुपारचं, त्यामुळं मी त्यांना सोडायला जायची आणि रोज पाहायची: वर्गाच्या दाराशी सुजाता, दाराबाहेर माय, आणि मायच्या पदराचं टोक सुजाताच्या मुठीत. मायनं बरोबर जुनी लुगडी आणली आणि वाकळ शिवायला घेतली. वस्तीतल्या बायका हसायच्या, “मास्तरीण पहिलीत बसली बया! पास होशील ना गं?” माय म्हणायची, “नापास झाले तर झाले. वाकळ तर होईल.” घंटेवर गुरुजींनीच तोड काढली. रामभाऊंनी घंटेला हात लावायच्या आधी वर्गाच्या खिडकीशी येऊन खाकरायचं, असं ठरलं. ते खाकरले की गुरुजी फळ्यावरचं लिहिणं थांबवून म्हणायचे, “सुजाता बेटा, घंटी यायलीय. येऊ द्यायची का?” ती कान गच्च दाबायची आणि पुष्कळ वेळानं म्हणायची, “येऊ द्यायची.” मग गुरुजी मान हलवायचे आणि रामभाऊ दांडा हाणायचे. पुढं पुढं सगळा वर्गच “येऊ द्यायची!” म्हणायला लागला, हळू आवाजात, कारण गुरुजींनी तसं बजावलं होतं. कधी कधी ती “येऊ द्यायची”च म्हणत नसे. त्या दिवशी सुट्टी उशिरा व्हायची.

सगळं गोड झालं असं समजू नका. प्रत्येक सोमवारी रविवारची सुट्टी अंगात भिनलेली असायची आणि पुन्हा ओकारी. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तर श्रीगणेशाच. तपासणीला साहेब आले आणि त्यांनी प्रेमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिनं टेबलाखाली जाऊन जे किंचाळायला घेतलं त्यानं साहेबांच्याही तोंडचं पाणी पळालं. गावात बंद असला की शाळा बंद, आणि ते तिला कसं समजवावं? गणवेश घालून दाराशी डोकं आपटायची. आम्ही तिघं तिच्याभोवती नुसते बसून राहायचो. हात लावला तर जास्त आपटायची, नाही लावला तर बघवत नसे. पण तिसरीत माय व्हरांड्यातून उठून लिंबाखाली बसायला लागली, आणि चौथीत एक दिवस दुपारच्या आतच घरी आली. दारात उभी राहून मला म्हणाली, “यशे, तिनं मला जा म्हणलं गं.” माय तिथंच बसून हसली आणि हसता हसता रडली. आणि सुजाता चौथी पास झाली. पाढे, वाचन, सगळं. हजेरीला शेख गुरुजींच्याच सुरात ‘हजर’ म्हणायची.

पाचवी म्हणजे हायस्कूल. मी तिथंच दहावीत जाणार होते. दुसरी इमारत, दुसरी घंटा, तासाला नवे सर. शेख गुरुजी सुट्टीत आपल्या गावी न जाता थांबले. उन्हं उतरली की यायचे आणि सुजाताला, मला घेऊन हायस्कुलात जायचे. हे फाटक, हा नळ, हा पाचवीचा वर्ग, ही दाराजवळची तुझी जागा. मुख्याध्यापकांशी बोलून ती जागा त्यांनी तिच्यासाठी ठेवून घेतली होती. तिथल्या शिपायानं मोकळ्या शाळेत तिच्यासाठी घंटा वाजवून दाखवली. ती कान दाबून म्हणाली, “येऊ द्यायची.” घरी येताना ती चवड्यांवर जवळजवळ नाचत होती आणि म्हणत होती, “पाचवीत जायचंय. दाराजवळ बसायचंय.” आपलं आपण, कुणी न विचारता. तिचं एवढं लांब बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मिलिंदकाका म्हणजे आबांचे चुलतभाऊ. नामांतरासाठी जेलात जाऊन आलेले, गडगडाटी हसणारे, आणि सुजातावर जीव टाकणारे. तिच्यासाठी ते चिंचोके गोळा करून खिशात घेऊन फिरायचे. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी ते आले आणि म्हणाले, “दादा, सुजाताचा सत्कार करायचाय. विहारात.”

आबा म्हणाले, “अरे, तिला गोंगाट सोसत न्हाई. तुला म्हाईत हाय.”

“म्हाईत हाय की. हलगी न्हाई, भोंगा न्हाई, हार न्हाई, टाळ्याबी न्हाईत. तुमी म्हणाल तसं. पण दादा, ज्या पोरीला डॉक्टरनं घरी ठेवा म्हणलं, ती चौथी पास झाली. आपल्या वस्तीतल्या मायबापानं आपली पोरगी शाळेतून काढताना लाजावं, म्हणून तरी करू द्या.”

आबांनी हो म्हटलं. माय म्हणाली, नको वाटतंय. पण तीही फार ताणून म्हणाली नाही, कारण तिलाही मनातून हवं होतं. चार वर्षं शाळेच्या आवारात बसलेली बाई ती.

मिलिंदकाकांनी दिलेला शब्द पाळला, हे मला इथं लिहूनच ठेवायचं आहे. ते घरोघर फिरले. तान्ही लेकरं घेऊन बायकांनी मागं बसायचं, रडलं तर बाहेर जायचं, कुणी टाळी वाजवायची नाही. त्या संध्याकाळी विहारापुढच्या ताडपत्रीवर अख्खी वस्ती मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी पुन्हा कधी पाहिली नाही. म्हाताऱ्या माणसांनी खोकला आला तर तोंडात टॉवेल कोंबला. पंचशील झालं, तेही हळू. शेख गुरुजींनी कंपासपेटी आणली होती. ती त्यांनी तिच्या हातात न देता तिच्यापुढं खुर्चीवर ठेवली, कारण हातातून हातात तिला आवडत नसे. सुजाता मायचा पदर धरून चवड्यांवर पुढं गेली, पेटी उचलली, उघडली, आतला कर्कटक, गुण्या सगळं बघितलं आणि म्हणाली, “पाचवीत जायचंय.” पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आबा खाली बघत होते.

मिलिंदकाका समारोपाला उठले. दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्याला त्यांना बोलवेना. आणि मग आमच्याकडची कुठलीही सभा संपते तशी ती संपली. त्यांनी मूठ वर केली आणि जयघोषाचा पहिला अर्धा भाग दिला, आणि दुसरा अर्धा अख्ख्या वस्तीनं दिला.

हलगीचा विचार केला होता, टाळ्यांचा केला होता, तान्ह्या लेकरांचा केला होता. जयघोषाचा केला नव्हता. मायनं नाही, मी नाही, चार वर्षं घंटेची परवानगी मागणाऱ्या शेख गुरुजींनीही नाही. तो आम्हाला आवाज वाटतच नव्हता. ज्या घोषणेसाठी माणसं मार खात होती, ती दिल्याशिवाय सभा उठते कशी? सबंध संध्याकाळ दाबून धरलेला आनंद होता तो, आणि तो एकदम सुटला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज आबांचा होता. आमच्या घरात आयुष्यभर हळू बोललेले आबा हात वर करून, डोळे मिटून, पूर्ण छातीनं ओरडले. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी पुढच्या ओळीतल्या लोकांना सुजाता दिसली आणि घोषणा अर्ध्यावर मोडली.

ती होती तिथं पडली होती. पेटी उपडी होऊन सगळं पांगलं होतं. कानांवर हात, मनगट दातांत, परकर भिजलेला, आणि तिच्या तोंडातून जे निघत होतं त्याला मी किंकाळीही म्हणणार नाही. माय तिच्या अंगावर पालथी झाली. आबांचा हात खाली आला तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. मिलिंदकाका “सुजा, सुजा बाई” म्हणत पुढं आले आणि त्यांचा आवाज ऐकून ती जास्तच आकसली. तेव्हा ते मागं सरकत सरकत विहाराच्या भिंतीला टेकले. लोक उठले आणि अनवाणी, चपला हातात घेऊन घरी गेले, आवाज होऊ नये म्हणून.

पुढचे दिवस ती कणगीमागच्या कोपऱ्यात होती. हळूहळू खायला लागली, चिंचोके मांडायला लागली. घरात ती पूर्वीसारखी झाली. पण उंबऱ्याबाहेर नाही. शेख गुरुजी आले, अंगणातूनच हाक दिली, “सुजाता बेटा,” आणि तिनं कान दाबून किंचाळायला घेतलं. त्या संध्याकाळचं आणि गुरुजींचं तिच्या डोक्यात एक होऊन गेलं होतं. गुरुजी दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. चौथ्या वेळी आबांना रस्त्यात गाठून म्हणाले, “मास्तर, मी येत न्हाई आता. मी आलो की लेकरू भेतंय. माझं न येणंच बरं हाय तिला.” पालमच्या भर रस्त्यात ते डोळे पुसत उभे होते आणि आबा त्यांची सायकल धरून उभे होते. ज्या माणसानं तिला वर्गात बसवलं, त्यानंच दूर राहावं, एवढाच उपाय उरला होता.

शाळा उघडली. सुजाता सकाळी उठली, गणवेश घालून घेतला, वेण्या घालून घेतल्या, दप्तर पाठीला लावलं आणि उंबऱ्याशी उभी राहिली. आबांनी रजा टाकली होती. ते बाहेर उभं राहून म्हणाले, “सुजाता, जायचं का बाई?”

“जायचंय.”

“चल मग.”

“जायचंय,” ती म्हणाली, आणि तिचे गुडघे थरथरत होते. हे मला कुणाला नीट समजावून सांगता आलेलं नाही. तिला शाळा नको नव्हती. तिला शाळाच हवी होती. दप्तराचा पट्टा तिनं असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. आणि पाय उचलत नव्हता.

एक दिवस आबांनी तिला उचलून नेलं. तिकडं हायस्कुलात मुख्याध्यापकांनी घंटा थांबवून ठेवली होती. मी आत दहावीच्या वर्गात बसले होते. सगळ्या शाळेला सांगितलं होतं, बाकावरून उठायचं नाही, बोलायचं नाही. मुख्याध्यापक स्वतः फाटक धरून उभे. आबा तिला घेऊन फाटकापर्यंत आले. पाचवीचं दार उघडं होतं, दाराजवळची जागा रिकामी होती. तिनं ती बघितली. आणि “आबा, घरी. आबा, घरी” असं म्हणत तिनं त्यांच्या खांद्यात नखं रुतवली. आबा बराच वेळ उभे राहिले. मग वळले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्या खांद्यावरून मागं, शाळेकडं बघणारं तिचं तोंड.

मिलिंदकाका अपराध्यासारखे यायचे, अंगणाच्या कडेला बसायचे. एकदा म्हणाले, “दादा, आपण परभणीला जाऊ, जिल्हा परिषदेच्या सीईओला निवेदन देऊ. घरी शिकवायला मास्तर मागू. न्हाई दिला तर बसू उपोषणाला.” आबांना मोर्चा माहीत होता, निवेदन माहीत होतं, लाठी माहीत होती. ते काकांकडं बघून म्हणाले, “कुणाच्या दारात बसतोस, मिलिंद? कोण आडवं आलंय सांग मला. एक नाव सांग, मी आत्ता येतो.” फाटक उघडं, जागा राखलेली, घंटा थांबवलेली. आमच्या आधीच्या पिढीनं ज्याच्यासाठी जीव टाकला ते सगळं तिच्यापुढं मांडून ठेवलं होतं. भांडायला समोर कुणीच नव्हतं.

सुजाताला मात्र निवेदनाशी, उपोषणाशी काही घेणं नव्हतं. रोज संध्याकाळी आबांनी सायकल भिंतीला लावली की ती आतूनच विचारायची, “उद्या शाळा?” आबा म्हणायचे, “हो बाई, उद्या शाळा.” सकाळी गणवेश, वेण्या, उंबरा, थरथर. मग गणवेश उतरवून मायपाशी चुलीपुढं. संध्याकाळी पुन्हा, “उद्या शाळा?” मायला ते ऐकवत नसे. एकदा ती आबांना म्हणाली, “अवो, न्हाई म्हणा ना एकदा. कशाला झुलवायलाव लेकराला?” आबा म्हणाले, “तिनं विचारणं सोडोस्तर मी हो म्हणणार.” पावसाळा गेला, दिवाळी गेली, ज्वारी निसवली. पाचवीच्या हजेरीतून तिचं नाव कमी झालं, ते आबांनी तिला सांगितलं नाही. गणवेश आखूड झाला, तेव्हा मायनं खालची दुमड उसवून दिली.

मग एका संध्याकाळी आबा आले, सायकल भिंतीला लावली आणि अंगणात उभे राहिले. आत सुजाता चिंचोके मांडत होती. मी दिव्याची काच पुसत होते. आबांनी सायकल उचलून पुन्हा एकदा भिंतीला लावली, जरा आवाज करून. आतून काही आलं नाही. त्यांनी पायांवर पाणी घेतलं, टॉवेलनं पाय पुसले, उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. सुजातानं वर पाहिलं, त्यांच्या पायांकडं पाहिलं आणि पुढचा चिंचोका ठेवला.

आबा हळूच म्हणाले, “सुजाता, उद्या शाळा?”

ती आपल्याच आवाजात म्हणाली, “सुजाता, उद्या शाळा?” आणि रांग पुढं लावू लागली.